उत्तरेकडची जंगलं, तोडणी, हंगाम आणि मातीतला कार्बन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडन, फिनलंड, कॅनडा, रशिया इथल्या जंगलतोडीचा विषय निघाला की वाचकांकडून साधारण तेच ते प्रश्न येतात. ते इथे साध्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. उत्तरेकडची जंगलं म्हणजे नेमकी कुठली?

अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया, फिनलंड आणि रशिया असा उत्तर ध्रुवाच्या खालून फिरलेला सूचिपर्णी झाडांचा पट्टा, म्हणजेच तैगा. पाईन, स्प्रूस, फर आणि लार्च ही मुख्य झाडं. मधूनमधून बर्च आणि अ‍ॅस्पेन. जगातल्या एकूण वनक्षेत्राचा साधारण २७ टक्के भाग या पट्ट्यात आहे. त्याच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या ईशान्य भागात मेपल आणि बीचची पानझडी जंगलं लागतात. तिथेही हिवाळाभर बर्फ असतो, म्हणून काही उत्तरांत त्यांचे दाखले आहेत.

२. कार्बन तर लाकडात असतो. मग मातीकडे एवढं लक्ष कशाला?

कारण या पट्ट्यात जमिनीखालचा साठा जमिनीवरच्यापेक्षा मोठा आहे. थंडीत कुजण्याचं काम सावकाश चालतं, त्यामुळे दरवर्षी थोडं थोडं शिल्लक राहून हजारो वर्षांत ते साचलं आहे.

उत्तर स्वीडनमधल्या पाईनच्या जंगलात हातभर खड्डा खणला तर हे डोळ्यांनी दिसतं. सगळ्यात वर शेवाळ. त्याखाली अर्धवट कुजलेल्या सुया, केसासारखी मुळं आणि बुरशीचे पांढरे धागे यांचा काळपट तपकिरी थर. एकमेकांत इतका गुंतलेला, की कडेला धरून ओढला तर अखंड सोलून निघतो. मग एकदम राखेच्या रंगाची धुऊन निघालेली वाळू, आणि तिच्याखाली तांबूस पट्टा. वरून पाण्याबरोबर उतरलेलं लोह आणि सेंद्रिय द्रव्य तिथे अडकतं. या मातीला पॉडझोल म्हणतात.

हा साठा वरून पडलेल्या पाचोळ्याचाच आहे असं पूर्वी धरलं जायचं. उत्तर स्वीडनमधल्या हॉर्नावान आणि उडयाउर या सरोवरांतल्या बेटांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र साठ्याचा ५० ते ७० टक्के भाग मुळं आणि मुळांशी सोयरीक केलेल्या बुरशी यांच्याकडून आल्याचं दिसलं. तोडणीचा विचार करताना हे विसरून चालत नाही. झाड कापलं की त्याच दिवशी हा खालचा पुरवठा तुटतो.

३. मातीतून कार्बन “जातो” म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

मुख्य वाट हवेची. जिवंत मुळं आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या बुरशी श्वसन करतात, आणि पाचोळा व जुनं सेंद्रिय द्रव्य खाणारे सूक्ष्मजीवही करतात. दोघांचा कार्बन डायऑक्साइड मातीतून एकत्रच वर येतो. याला मृदा श्वसन म्हणतात. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. थंड मातीत पुष्कळदा त्याहून जास्त.

दोघांचा वाटा वेगळा काढणं अवघड होतं. पीटर होगबर्ग आणि सहकाऱ्यांनी उत्तर स्वीडनमध्ये पाईनच्या खोडांची साल गोलाकार काढली. त्यामुळे पानांत तयार झालेली साखर मुळांकडे जाणं थांबलं. एक-दोन महिन्यांत मातीतून निघणारा वायू सुमारे ५४ टक्क्यांनी घटला. २००१ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा उन्हाळ्यातल्या श्वसनाचा निम्म्याहून जास्त भाग झाडाच्या ताज्या साखरेवर चालतो, हे पक्कं झालं.

दुसरी वाट पाण्याची आहे. ती प्रश्न १३ मध्ये.

४. झाडं तोडल्यावर मातीतून वायू वाढायला हवा. पण काही मोजण्यांत तो कमी झालेला दिसतो. मग तोडीने नुकसान होत नाही असं म्हणायचं का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून नीट बघू.

तोडीनंतर मुळांचं श्वसन बंद पडतं, म्हणजे प्रश्न ३ मधला मोठा वाटा गळतो. त्याच वेळी कुजणाऱ्यांना मेजवानी मिळते: मेलेली मुळं, पडलेल्या फांद्या, सावली गेल्यामुळे तापलेली माती आणि झाडांनी पाणी शोषणं थांबल्यामुळे वाढलेली ओल. एक आकडा खाली जातो, दुसरा वर. बेरीज कधी वाढलेली दिसते, कधी घटलेली, कधी जैसे थे.

पण मुळांचं श्वसन हा झाडाने त्याच आठवड्यात हवेतून घेतलेला कार्बन असतो. तो आला आणि गेला. कुजण्यातून जातो तो साठ्यातला. म्हणून नुसता मातीवर डबा ठेवून मोजलेला आकडा फसवतो. हिशेब करायचा तर जंगलाने हवेतून घेतलं किती आणि सोडलं किती, ही वजाबाकी बघावी लागते. तोडीनंतर घेणारं कुणी उरलेलं नसतं, त्यामुळे सोडणं तेवढंच राहिलं तरी जमीन तोट्यात असते.

५. हे मोजतात कसं?

दोन रीती. पहिली डब्याची: जमिनीत रोवलेल्या कड्यावर झाकण ठेवायचं आणि आतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने चढतो ते पाहायचं. दुसरी मनोऱ्याची: झाडांच्या शेंड्यांच्या वर उभ्या केलेल्या मनोऱ्यावरची उपकरणं हवेचे भोवरे आणि त्यांतला वायू सेकंदाला अनेक वेळा टिपतात, आणि त्यावरून अख्ख्या परिसराची देवघेव निघते. फिनलंडमधल्या ह्युतियाला इथे १९६२ साली पेरलेल्या पाईनच्या जंगलात असं केंद्र १९९० च्या दशकापासून चालू आहे. इतकी सलग नोंद असल्याशिवाय हंगाम आणि तोडणी यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

६. तोडीनंतर जमीन किती वर्षं तोट्यात राहते?

सरसकट तोड झालेली उत्तरेकडची जमीन साधारण १० ते २० वर्षं निव्वळ कार्बन सोडत राहते. रोपं, झुडपं आणि गवत वाढून त्यांचं शोषण कुजण्याच्या पुढे गेलं की पारडं फिरतं. पण पारडं फिरणं म्हणजे भरपाई होणं नव्हे. मधल्या वर्षांत गेलेलं भरून यायला आणखी काही दशकं लागतात, आणि नॉर्डिक देशांत ६० ते १०० वर्षांनी पुढची तोड ठरलेलीच असते.

७. मातीतला किती टक्के कार्बन जातो? एक आकडा सांगा.

एक आकडा देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. समशीतोष्ण जंगलांतल्या तोडीच्या अनेक अभ्यासांचा २०१० साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात मातीतला कार्बन सरासरी ८ टक्क्यांनी घटलेला निघाला. मात्र ही घट सारखी वाटलेली नव्हती. वरच्या पाचोळ्याच्या थरात ती सुमारे ३० टक्के होती आणि खालच्या खनिज मातीत लक्षात येण्याजोगी नव्हती.

उत्तरेकडे वरचा थर जाड असल्याने याला महत्त्व आहे. आणि खनिज मातीतला बदल “दिसला नाही” म्हणजे “झाला नाही” असंही नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या या जमिनी दगडगोट्यांनी भरलेल्या आहेत. नमुन्याची नळी एका जागी वीतभर जाते, हातभर अंतरावर लगेच खडकावर आपटते. दोन शेजारच्या नमुन्यांतलाच फरक इतका, की तोडीमुळे झालेला फरक त्यात लपून जातो.

८. हिवाळ्यात सगळं गोठलेलं असताना मातीतून काय निघणार?

निघतं, आणि बरंच निघतं. बाहेर उणे २० अंश असतानाही हातभर बर्फाखालची माती पुष्कळदा शून्याच्या आसपास असते, कारण भुसभुशीत ताजा बर्फ गोधडीचं काम करतो. माती शून्याखाली गेली तरी कणांभोवती पाण्याचा पातळ थर न गोठता राहतो, आणि त्यात सूक्ष्मजीव उणे ५ अंशांच्या खालीही काम करत राहतात. वेग अगदी कमी असतो, पण हिवाळा पाच-सहा महिन्यांचा. वर्षभरातल्या मृदा श्वसनाचा साधारण दहावा ते पाचवा हिस्सा या काळात जातो.

हिवाळ्यात प्रकाशसंश्लेषण जवळपास शून्य असल्याने हा सगळा खर्चच. जमा काही नाही.

९. मग बर्फ कमी पडला तर कार्बन वाचेल?

काही ठिकाणी हिवाळ्यापुरतं तसं होतं. कोलोराडोतल्या नायवॉट रिजवरच्या उंच जंगलात बर्फाचा थर पातळ असलेल्या वर्षी माती जास्त थंड राहिली आणि हिवाळी श्वसन घटलं.

पण न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक या प्रायोगिक जंगलाने दुसरी बाजू दाखवली. तिथे हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ मुद्दाम फावड्याने काढून जमीन उघडी ठेवली. हवा गरम झाली आणि बर्फ कमी पडला तर माती उलट जास्त गोठेल, ही त्यामागची शंका होती. ती खरी ठरली. गोठल्यामुळे बारीक मुळं मेली आणि नायट्रेट पाण्याबरोबर वाहून गेलं. म्हणजे हिवाळ्यात वाचवलं असं वाटतं तेवढ्यात पुढच्या उन्हाळ्यात शोषणारी मुळंच कमी झालेली असतात. मला तरी याला बचत म्हणवत नाही.

१०. वर्षातला सगळ्यात तोट्याचा काळ कोणता?

नुसतं श्वसन बघितलं तर जुलै-ऑगस्ट. पण तेव्हा शोषणही जोरात असतं, त्यामुळे उभं जंगल नफ्यात राहतं. खरी काळजी शरद ऋतूची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस झपाट्याने लहान होतात, पानांचं काम उजेडाअभावी मंदावतं, पण उन्हाळ्याची ऊब मातीत टिकून असते आणि पावसाने ओलही भरपूर. कुजणं चालू, शोषणं जवळपास बंद. हा शरद जितका लांबतो आणि उबदार होतो तितका उत्तरेकडचा निव्वळ तोटा वाढतो, हे २००८ साली अनेक केंद्रांच्या नोंदींवरून मांडलं गेलं. वसंत लवकर आल्याचा फायदा त्यात बराचसा खर्ची पडतो.

ताज्या तोडीच्या जमिनीला वसंताचा हा फायदाही नसतो, कारण लवकर जागी होणारी झाडंच नसतात. उन्हात उघडी पडलेली माती मात्र लवकर तापते.

११. तोडायचंच असेल तर कोणत्या हंगामात तोडणं बरं?

माझं मत स्पष्ट आहे: जमीन घट्ट गोठलेली असताना, आणि ओल्या जमिनीवर तर फक्त तेव्हाच.

ओंडके वाहणाऱ्या फॉरवर्डर गाडीचं भरलेलं वजन ३० टनांच्या पुढे जातं. गोठलेल्या जमिनीवर ती माग न ठेवता जाते. तीच गाडी बर्फ वितळताना किंवा पावसाळी शरदात गेली, की मातीत गुडघाभर चाकोऱ्या पडतात. दाबलेल्या मातीत हवा उरत नाही, चाकोऱ्यांत पाणी साचतं, आणि ऑक्सिजन नसलेल्या त्या पाण्यात मिथेन तयार होतो. मातीतल्या पाऱ्याचं विषारी मिथाइल पाऱ्यात रूपांतरही अशाच जागी होतं आणि ते पुढे ओढ्यातून माशांत पोचतं. उतारावरची चाकोरी म्हणजे मातीला ओढ्याकडे जायला आयता पाट. चाकांखाली फांद्यांचा जाड थर अंथरल्याने नुकसान कमी होतं. ज्या ठेकेदाराने ते केलेलं नसतं त्याचं काम पुढची कित्येक वर्षं ओळखू येतं.

हिवाळ्याचा आणखी एक फायदा आहे. ताज्या बुडख्यावर मूळकूज करणाऱ्या बुरशीचे बीजाणू पडतात आणि तिथून ती मुळांमार्गे शेजारच्या उभ्या झाडांत शिरते. थंडीत हे बीजाणू हवेत जवळपास नसतात. उन्हाळ्यात तोडलं तर प्रत्येक बुडख्यावर युरिया किंवा दुसऱ्या निरुपद्रवी बुरशीचा लेप द्यावा लागतो.

कोरड्या वाळूवरच्या पाईनच्या जंगलात उन्हाळी तोडणी एवढी वाईट नाही. अडचण अशी, की घट्ट गोठण्याचा काळच आखडत चालला आहे, आणि कारखान्यांना लाकूड मात्र बारा महिने लागतं. गोठण्याची वाट न बघता यंत्रं आत घातली जातात. तोडणीचा परवाना देताना तारीख न बघता जमिनीची अवस्था बघितली गेली पाहिजे.

१२. फांद्या आणि बुडखेही उचलून नेले तर? तसेही कुजणारच आहेत.

कुजणारच, पण सगळं एकदम नाही. बुडखा कुजायला कित्येक दशकं जातात. तो जाळला तर कार्बन एका दिवसात वर. शिवाय बुडखे उपटताना जमीन खोलवर उलथते. फांद्या आणि सुया नेल्या तर नायट्रोजनही जातो आणि पुढच्या पिढीची वाढ मंदावू शकते. फिनलंडमध्ये ऊर्जेसाठी बुडखे काढण्याचा जोर २००० नंतरच्या दशकात चढला आणि पुढे ओसरला. तो ओसरला याचं मला समाधान आहे.

लागवडीआधी यंत्राने जमीन खरवडण्याबद्दलही हेच विचारलं जातं. त्याने माती उघडी पडते, पण रोपं लवकर धरतात. ते किती खोल आणि किती जागेवर केलं यावर सगळं अवलंबून आहे.

१३. पाण्यातून किती जातो?

हवेच्या मानाने कमी, पण तो हंगामी असल्याने चटकन निसटतो. उत्तर स्वीडनमध्ये वर्षाच्या वाहत्या पाण्याचा जवळपास निम्मा भाग वसंतातल्या काही आठवड्यांच्या पुरात येतो. हे पाणी वरच्या सेंद्रिय थरांतून जात चहाच्या रंगाचं होतं. तोडीनंतर भूजल वर चढतं, तेच थर जास्त काळ भिजतात आणि विरघळलेला कार्बन वाढतो. ओढ्याकाठची झाडं राखली तर फरक पडतो.

१४. पीटवरच्या जंगलांना वेगळा नियम का?

कारण तिथे माती म्हणजेच कार्बन. पीट म्हणजे पाण्याखाली न कुजता साचलेलं शेवाळ आणि वनस्पती, काही जागी मीटरच्या मीटर खोल. फिनलंडची जवळपास एक तृतीयांश जमीन पीटची आहे आणि तिचा सुमारे निम्मा भाग चर खणून जंगलासाठी कोरडा केलेला आहे. बहुतेक काम १९६० आणि ७० च्या दशकांत झालं. पाणी उतरलं, हवा आत शिरली, हजारो वर्षांचं पीट कुजायला लागलं.

इथे सरसकट तोड केली की पाणी उपसणारी झाडं जातात आणि भूजल पुन्हा चढतं. खालचं पीट बुडून वाचतं, पण मिथेन वाढतो आणि वरचा थर गरम होऊन कुजतच राहतो. नव्या रोपांसाठी चर साफ केले की पुन्हा पाणी खाली. दोन्हीकडून तोटा. दक्षिण फिनलंडमधल्या लेत्तोसुओ इथे २०१६ मध्ये एकाच जंगलाच्या एका भागात सरसकट तोड आणि दुसऱ्यात निवडक तोड केली. सरसकट भाग उत्सर्जनाचा मोठा स्रोत बनला. निवडक तोडीच्या भागात फरक त्या मानाने फारच थोडा होता, कारण उरलेली झाडं पाणी मध्यम पातळीवर धरून होती.

म्हणून पीटवर सरसकट तोड थांबवावी, असं मला ठामपणे वाटतं. फिनलंडमध्ये हा प्रश्न आता देशाच्या ताळेबंदापर्यंत पोचला आहे: २०२१ साली जमीनवापर आणि वनं हे क्षेत्र निव्वळ शोषक न राहता उत्सर्जक झालं. वाढलेली तोड, मंदावलेली वाढ आणि पीटचं कुजणं या सगळ्याचा त्यात हात आहे.

१५. सैबेरियात जमीन कायमची गोठलेली असते. तिथे तरी साठा सुरक्षित ना?

झाडं उभी आहेत तोवर बऱ्यापैकी. याकुतियातली लार्चची जंगलं कायम गोठलेल्या जमिनीवर उभी आहेत आणि त्यांची सावली व पाचोळा खालचा बर्फ टिकवून धरतात. तोड किंवा वणवा झाला की उन्हाळ्यात वितळणारा थर खोल जातो. जमिनीत शुद्ध बर्फाच्या पाचरी असतील तर ती खचते, तळी होतात. १० ते २० वर्षांत पारडं फिरण्याचा प्रश्न ६ मधला हिशेब इथे लावू नये. खचलेली जमीन रोपं लावून वर येत नाही.

१६. तोडलेल्या जागेवर पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो, त्यामुळे थंडावा मिळतो. मग तोड फायद्याची नाही का?

पहिला भाग बरोबर आहे. मार्च-एप्रिलमध्ये काळसर स्प्रूसपेक्षा बर्फाच्छादित मोकळी जमीन खूप जास्त ऊन परतवते. पण हा परिणाम बर्फ असेपर्यंतचा आणि रोपं बर्फाच्या वर डोकं काढेपर्यंतचा. बर्फाचा काळ घटतोय, म्हणजे तो फायदाही घटतोय. हवेत गेलेला कार्बन मात्र शतकानुशतकं राहतो.

१७. माती गरम होत गेली तर सूक्ष्मजीव थकून थांबतील का?

थांबतात, पण पुन्हा सुरू होतात. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये जेरी मेलिलो यांच्या गटाने १९९१ पासून जमिनीत तारा पुरून माती ५ अंशांनी गरम ठेवली. पहिली वर्षं तोटा, मग शांतता, मग पुन्हा तोटा, पुन्हा शांतता. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटिमीटरमधला १७ टक्के कार्बन गेला. मधल्या शांततेत कुणी तीन वर्षांचा अभ्यास केला असता तर “काही होत नाही” असाच निष्कर्ष निघाला असता.

१८. झाडं गेल्याने मुळांच्या बुरशी मरतात. त्याने कुजणं वाढतं की कमी होतं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. न्यूझीलंडमध्ये रुथ आणि पी. डी. गाडगीळ यांनी १९७१ साली दाखवलं, की पाईनच्या मुळांवरच्या बुरशी दूर ठेवल्या तर पाचोळा जास्त वेगाने कुजतो. त्या बुरशी नायट्रोजन ओढून घेऊन कुजवणाऱ्यांची कोंडी करतात, असं स्पष्टीकरण दिलं जातं. उत्तरेकडे मात्र याच बुरशींतल्या काही जाती नायट्रोजन मिळवण्यासाठी स्वतःच जुनं सेंद्रिय द्रव्य फोडतात. कुठल्या जातीचं राज्य आहे त्यावर उत्तर फिरतं. तोडताना हेक्टरी काही जिवंत झाडं उभी ठेवली तर त्यांच्या मुळांभोवती बुरशी टिकून राहतात. हे करायला फारसा खर्च येत नाही.

१९. हे आकडे सह्याद्रीतल्या जंगलांना लावता येतील का?

नाही. उत्तरेत कुजण्याला थंडी आवर घालते, आपल्याकडे कोरड. मार्च ते मे सह्याद्रीतली माती तापलेली असते, पण पाण्याअभावी सूक्ष्मजीव निपचित असतात. पहिल्या पावसात काही तासांत श्वसन एकदम उसळतं. कोरडी माती भिजल्यावरची ही उसळी एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत तपासली होती, आणि तिला त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे पाचोळाही पावसाळ्यात भराभर कुजतो, त्यामुळे उत्तरेसारखा जाड थर साचत नाही. सावली गेल्यावर माती तापते, मुळांचा पुरवठा तुटतो, उतारावरची माती वाहून जाते, हे तिघं इथेही तसेच. पण जांभ्यावरच्या उतारावर जूनमधला एक जोराचा पाऊस जे नेतो, त्याचा अंदाज स्वीडनच्या तक्त्यावरून बांधता येणार नाही. मोजणी इथेच, मेअखेरपासून सुरू करून करायला हवी.